दोन तिकिटांचे माइल्स

चाकणच्या कंपनीत आमच्याबरोबर दिलीप होता. कुठल्या क्रेडिट कार्डावर सुरुवातीला किती माइल्स, म्हणजे विमानाच्या फुकट तिकिटासाठीचे पॉइंट, मिळतात, हे त्याला तोंडपाठ. वडिलांना, म्हणजे अण्णांना, विमानानं काशीला न्यायचं होतं ना. शेवटी एक कार्ड घेतलं, पण त्या माइल्सच्या बोनससाठी कार्डावर लागणारा खर्चच होईना. आम्ही सगळ्यांनी आपापला किराणा त्याच्या कार्डावर भरला, तरी कमीच पडला.

मग अण्णा आयसीयूत गेले. बिल त्याच कार्डावर भरलं.

तेराव्यानंतर तो कामावर आला. चहा घेताना म्हणाला, "बोनस आला राव. दोन तिकिटांपुरते माइल्स झाले."

मी विचारलं, "मग काशीला?"

"जातोय. एकच तिकीट काढलंय. अस्थी हातातल्या बॅगेत चालतात, विचारून घेतलं. अण्णांना तिकीट लागत नाही."