डोलकाठीवरून झालेलं भांडण

बिरा बंदराच्या धक्क्यावर सित्ती फेरीच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या खलाशानं शेजारून रांगेच्या शेवटाकडे निघालेल्या म्हाताऱ्या नावसुताराचा हात धरून आदरानं कपाळाला लावला.

“दाएंग मातारा, ओळखलंत?”

“लाटांग ना? नाव बांधताना, इंजिन असताना डोलकाठी कशाला, म्हणून भांडलेला!”

“तोच. गेल्या महिन्यात भर समुद्रात इंजिन बंद पडलं. सात जण होतो, प्यायचं पाणीही संपत आलेलं.”

“मग?”

“तुमच्या डोलकाठीवर शीड चढवलं. तिसऱ्या दिवशी किनारा दिसला.”

“तुला शीड येतं?”

“छे! सासऱ्यांना येतं. घरी बसा म्हटलं, तरी हट्टानं आले होते.”

“मग हात त्यांचा धर की!”

“धरला. ते म्हणाले, आधी सुताराला भेटून ये.”

सित्ती मागं सरली आणि तिनं म्हाताऱ्याला आपल्यापुढं जागा दिली.