मागच्या गाडीतला बाक

(रत्नागिरी, मांडवीच्या धक्क्याजवळची मोकळी जागा. परशुराम गावोगाव मुके चित्रपट दाखवतो. त्याच्या मोटारीमागे जोडायची लाकडी गाडी हेच त्याचे घर. आत लवू मेस्त्री गुडघे टेकून बसला आहे, परशुरामची बायको चिमा खिडकीशी. परशुराम दारातच थबकला आहे. आत पाऊल टाकणे त्याला जमत नाही.)

लवू मेस्त्री : सकाळी वयनी म्हणाल्या, बाक घट्ट करा. आता तुम्ही म्हणताय, बाक उपटून टाका. कुणाचं ऐकू, परशुरामभाऊ? माझा हातोडा एकच हाय.

परशुराम : चिमा, तू यांना केव्हा सांगितलंस?

चिमा : तुम्ही पेट्रोल आणायला गेलात तेव्हा. कूस बदलली की भिंत कुरकुरते. म्हटलं, पालीच्या खेळाला निघायच्या आधी होऊन जाऊ दे.

लवू मेस्त्री : कुरकुरंल नाय तर काय! हे बघा, खिळे बोटानं निघतात. भिंत म्हणजे चहाच्या खोक्याच्या फळ्या. तिच्यावर बाक टांगलाय, वर डब्यांचं कपाट. गाडी उभी असती तर चाललं असतं. ही खड्ड्याखड्ड्याला हिसके खाते.

परशुराम : म्हणूनच काढा म्हणतो. त्या जागी दुसरं काही ठेवायचं आहे.

चिमा : काय?

परशुराम : मुंबईहून यंत्र येणार आहे. बोलपटाचं. त्याला एवढी जागा लागेलच.

चिमा : आणि मी निजायचं कुठं?

परशुराम : मालगुंडला. तुझ्या आत्याकडे. त्यांना मी विचारून ठेवलं आहे.

चिमा : आत्याला विचारलंत.

लवू मेस्त्री : मी जरा पाणी पिऊन येतो.

चिमा : बसा मेस्त्री. खिळे तुम्हीच उपटणार, तर ऐकाही तुम्हीच. लग्न झाल्यापासून पडद्याशेजारी उभी राहून मी त्यावरची अक्षरं वाचते. राजा रागावला तरी मी, राणी रडली तरी मी.

लवू मेस्त्री : ऐकलंय तर! राजापूरला गंगा आली होती, तेव्हा जत्रेत तुमचा खेळ बघितला. राक्षस असा काय बोललात, वयनी! आमच्याकडे अजून पोरांना 'शिनेमावाल्या वयनीला बोलवू काय' म्हणून भात भरवतात.

चिमा : आता राक्षस आपला आपण बोलेल. मग मला आत्याकडे पोचती करायची.

परशुराम : तसं नाही.

चिमा : मग कसं?

परशुराम : मला नीट बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

चिमा : आहे ना. तुमच्या वाटचंही मीच बोलत आले.

परशुराम : गेल्या पौषापासून खेळ संपण्याआधीच तुझा आवाज विझतो. मागे यंत्राशी उभा राहून मी तो ऐकत असतो. चित्रांकडे माझं लक्ष नसतं. प्रत्येक वाक्यागणिक वाटतं, पुढचं तिला उच्चारता येईल का. ही भिंत कुरकुरते ती तू कूस बदलतेस म्हणून नव्हे, तुझ्या खोकल्यानं. यंत्राला घसा नसतो, चिमा. म्हणून ते मागवलं.

चिमा : आणि हे मला सोडून आत्याला सांगितलंत?

लवू मेस्त्री : बाकालापण सांगितलं असणार. ऐकून ऐकूनच सुटला बिचारा.

चिमा : मालगुंडला घसा बरा होईल, नाही म्हणत नाही. पण खेळ सुटल्यावर म्हाताऱ्या माझ्यापाशी येतात. 'बाय, पुढं ती पोर घरी पोचली काय गो?' तुमचं यंत्र त्यांना काय सांगेल?

परशुराम : काही नाही सांगणार.

लवू मेस्त्री : मी एक बोलू? ह्या भिंतीला वयनी झेपत नायत, तिथं यंत्र काय झेपणार? भिंतीवर भारच नको. तळाच्या लोखंडी चौकटीवर फणसाचे पाय उभे करतो, त्यांना तिरके टेकू. खिळे नकोत, लाकडी खुंट्या मारतो. त्या हिसक्यानं सुटत नायत. खाली यंत्र, वर माणूस.

परशुराम : यंत्र मावेल खाली?

लवू मेस्त्री : तुम्ही माप आणलंत तर सांगीन. तोवर बाक तरी उभा करू द्या.

चिमा : करा, मेस्त्री.

परशुराम : करा.

*

लवू मेस्त्री : उन्हं कलली, पण झालं एकदाचं. बसा बघू. एकट्या वयनी नकोत, भाऊ, तुम्हीपण. भार टाकल्याशिवाय मी काम सोडत नाय.

परशुराम : मी इथं बरा आहे.

लवू मेस्त्री : सकाळपासून दारातच बरे आहात! घर तुमचं ना?

चिमा : या हो आत.

लवू मेस्त्री : हां. आता जरा हला. समजा, निवळीच्या घाटात चाक खड्ड्यात गेलं.

चिमा : कुरकुरत नाही.

परशुराम : नाही कुरकुरत.

लवू मेस्त्री : मग आता मी खरंच पाणी पिऊन येतो.

परशुराम : यंत्र पावसाळ्यानंतर येईल. पालीला मुकाच खेळ आहे. तुला बोलणं झेपेल, चिमा?

चिमा : हळू वाचेन. पुढच्या रांगेला ऐकू गेलं की ती मागच्यांना सांगते.