पुसलेला बाण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आमचे मावळते विभागप्रमुख, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, औषध कंपनीचे पाहुणे, व्यासपीठावर मावतील तेवढी आणि न मावल्याने पहिल्या रांगेत रुसून बसलेली डॉक्टर मंडळी, आणि मागे उभे असलेले माझे सहकारी, ज्यांना खुर्च्या पुरल्या नाहीत पण टाळ्या वाजवायला आवर्जून बोलावलं आहे, अशा सर्वांना माझा नमस्कार.

मला सूत्रसंचालकांनी सांगितलंय, "मॅडम, थोडक्यात आणि गोड बोला." थोडक्यात बोलण्याचा प्रयत्न करते.

निमंत्रणपत्रिकेवर सरांचा उल्लेख 'कर्करोग-मॉडेलचे शिल्पकार' असा आहे. वाचून ऊर भरून आला. शिल्पकार! गेल्याच आठवड्यात त्यांनी मला खोलीत बोलावून विचारलं, "अगं, ते मॉडेल सुरू कुठून करायचं? पाहुण्यांना दाखवायचंय." मी म्हटलं, "सर, आधी संगणक सुरू करावा लागतो." ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

सभागृहात घरची मंडळी आहेत, म्हणून मॉडेल म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगते. आपल्या आतड्यातल्या पेशीला बाहेरून संदेश येतो: वाढ. दारावरचा एक रेणू तो घेतो, आतल्याला देतो, तो पुढच्याला, असं करत संदेश पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो. काही रुग्णांच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये या साखळीतला मधलाच एक जण बिघडतो. त्याला कुणी काही सांगो न सांगो, तो 'वाढा, वाढा' करत सुटतो. या सगळ्यांची देवाणघेवाण आम्ही समीकरणांत मांडतो आणि संगणकाला विचारतो, की याचं तोंड बंद केलं तर पुढे काय होईल? रुग्णावर करून बघण्याआधी संगणकात करून बघायचं, एवढाच त्यामागचा हेतू. चांगला हेतू आहे. मी त्यासाठीच या इमारतीत आले.

आता आमच्या विभागाची एक खास पद्धत सांगते, बाहेर कुणाला माहीत नाही. प्रयोगशाळेत मोजलेले ठिपके एकीकडे आणि मॉडेलची रेषा भलतीकडे, असं झालं की सर म्हणतात, "जरा कान पिळा." म्हणजे समीकरणातला एखादा आकडा थोडा वर, एखादा थोडा खाली, रेषा मुकाट्याने ठिपक्यांवर येऊन बसेपर्यंत. मॉडेलला इतके कान आहेत, की कुठला ना कुठला पिळला जातोच. थोडंफार सगळेच पिळतात, मीही पिळते. पण सरांचा हात त्यात असा बसलाय, की त्यांच्यापुढे पेशीसुद्धा त्यांच्या मताची होते. अशी आज्ञाधारक पेशी निसर्गात नाही, ती फक्त आमच्याकडे मिळते.

तरी मॉडेलच्या आकृतीतला एक बाण काही ऐकेना. त्याचीच गोष्ट सांगायला मी उभी आहे.

साखळीतून संदेश फार जाऊ लागला, की पेशी स्वतःच मागे वळून दाराला आवर घालते. आमच्या आकृतीत त्यासाठी खालून वर जाणारा एक बाण होता. त्याचा अर्थ असा, की गोळी देऊन मधल्या बिघडलेल्याला गप्प केलं, तर दारावरचा हा आवरही सुटतो. दार सताड उघडतं आणि संदेश दुसऱ्या वाटेने आत येतो. ट्यूमर दोन दिवस गप्प बसतो आणि मग पुन्हा वाढायला लागतो. उपाय नाही असं नाही. मॉडेलनेच सांगितलं होतं, की गोळीबरोबर दार बंद करणारं दुसरं औषधही द्या. दोन्ही मिळून.

पण सरांनी कंपनीच्या पाहुण्यांना आधीच सांगून टाकलं होतं: एकच गोळी. 'एकच गोळी' हे म्हणायला कसं सुटसुटीत वाटतं! बैठकीत ते पडद्यासमोर उभे राहिले, डोकं तिरकं केलं आणि म्हणाले, "हा बाण कशाला? आकृती गिचमिड दिसते."

मी म्हटलं, "सर, तो काढला तर मॉडेलला पुढचं दिसणारच नाही."

"त्याच्याशिवाय ठिपके जुळतायत ना?"

"सकाळी औषध दिल्यापासून दुपारपर्यंतचे जुळतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलेले जुळत नाहीत. संदेश परत चढलाय."

"ती बशी खराब झाली असेल," सर म्हणाले. "तू शंका फार काढतेस बाई. काढ तो."

पेशींची बशी खराब झाली! बशा दर वेळी खराब होत होत्या, दर वेळी दुसऱ्याच दिवशी, आणि दर वेळी अगदी तेवढ्याच. हे कुणाला विचित्र वाटलं नाही. विद्वान माणसं अशा गोष्टींकडे लक्ष देत नाहीत, त्यांना मोठं काहीतरी बघायचं असतं. शेवटी बाण पुसला गेला, दुपारनंतर मोजणं बंद झालं, आकृती देखणी झाली. तिचं कौतुक झालं आणि तिच्या जोरावर रुग्णांवरची चाचणी ठरली. एकच गोळी. पहिल्या रुग्णांना ती पुढच्या आठवड्यापासून सुरू होईल.

वहिनी, तुम्ही अस्वस्थ होऊ नका. पाणी तुमच्या उजव्या हाताला आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, शाळेत भूगोल शिकवतात. त्यांना आतड्याचा कॅन्सर आहे, नेमका हाच, याच बिघाडाचा. रविवारी ताईचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी उत्साह होता! म्हणाली, "अगं, यांना त्या नव्या गोळीच्या चाचणीत घेतायत. डॉक्टर म्हणाले, तुमच्याच संगणकाने सांगितलंय गोळी चालणार म्हणून. बघ, तू घरात असून आम्हाला बाहेरून कळतंय! करू ना सही?" मागून भाऊजी विचारत होते, "केस गळतील का विचार." त्यांना टक्कल पडून वीस वर्षं झाली असतील.

मी म्हटलं, "ताई, थांब. सही करू नकोस."

ती म्हणाली, "मग बाकीचे का करतायत?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, या प्रश्नावर मी तिला काय सांगायचं होतं? बाकीच्यांच्या घरात मेहुणी मॉडेल बनवत नाही, असं सांगू?

अध्यक्ष महोदय, चाचण्यांना परवानगी देणाऱ्या समितीचेही आपणच अध्यक्ष आहात. मी सोमवारी आपल्या दालनाबाहेर बसून होते. आपल्या सहायकांनी सांगितलं, साहेब समारंभाच्या गडबडीत आहेत, समारंभ झाल्यावर या. म्हटलं, समारंभानंतर कशाला, समारंभातच जाऊ. गोड बोलायला मला बोलावलं होतंच.

विभागातर्फे सरांना भेट म्हणून ही तसबीर द्यायची आहे. त्यांच्या मॉडेलची आकृती, सोनेरी चौकटीत. फार सुबक झालीय. एकही रेघ दुसरीला छेदत नाही. एवढी टापटीप पेशी मी आजवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली नाही.

माझ्या हातात हा काळा मार्कर आहे, काचेवर लिहिणारा. नाही, सूत्रसंचालक, माइक राहू द्या, झालंच आता. हा इथून, खालून, असा वर, दारापर्यंत. झालं. मागच्यांना दिसतोय? थोडा वाकडा आलाय. राग आलाय मला, आणि भीतीही वाटतेय.

सर, ही आपली भेट. हवं तर पुसा, काच आहे, ओल्या रुमालानेही पुसला जाईल. पण या वेळी बंद खोलीत नाही. इथे, अध्यक्षांच्या देखत, आपल्या हाताने पुसा, आणि पुसताना मोठ्याने सांगा, की आपल्या घरच्या माणसाला आपण ही एकटी गोळी दिली असती.

सर पुसेपर्यंत मी इथेच थांबते.

हे बघा, रुमाल सरांच्या खिशातच आहे.

अध्यक्ष महोदय, सरांनी पुसलेला नाही. सभागृहाने पाहिलंय. परवानगीवर पुन्हा विचार करायला आपली समिती आणखी कशाची वाट बघणार आहे, ते आपण आपल्या भाषणात सांगालच.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मानपान सांभाळायचा राहिला असेल, कुणाचं पद चुकलं असेल, तर मोठ्या मनाने मला माफ करावं. मला बाहेर जाऊन ताईला फोन करायचा आहे.