तिसऱ्या कडव्याखालचं नाव

डॉयल : काढ म्हणतोय ना माझं नाव. एवढ्यासाठी नॅशव्हिलहून गाडी हाकत आलीस? फोनवर विचारलं असतंस तरी हो म्हटलं असतं.

मॅरिबेथ : फोनवर जमेना मला.

डॉयल : घटस्फोटाचं बरं जमलं फोनवर!

ओपल : डॉयल, जेवताना नाही हं. मॅरिबेथ, घेवडा वाढू अजून?

मॅरिबेथ : नको आई. …सवयीनं आलं तोंडात.

ओपल : येऊ दे की. नवऱ्याला सोडलंस तू, मला कुठे सोडलंस? पण मला जरा नीट सांगा, कशावरचं नाव काढायचंय?

मॅरिबेथ : माझा पहिला अल्बम येतोय ना, त्याच्यावरचं. सगळी गाणी माझी आहेत. एकाचं शेवटचं कडवं तेवढं डॉयलनं लिहिलंय.

ओपल : यानं? हा भेटकार्डावर स्वतःची सही करायला कंटाळतो!

डॉयल : लिहिलं नाही गं. नुसतं बोललो. हिची गिटार घरी राहिली होती, ती द्यायला गेलो होतो. ही म्हणाली, दोन कडवी झालीत, पुढचं अडलंय, ऐक. ऐकलं. मग जे आलं तोंडात ते बोलून गेलो.

ओपल : आणि आता ते नाव टोचतंय कुणाला?

मॅरिबेथ : कंपनीला. त्यांना पोस्टरवर छापायचंय, ‘प्रत्येक शब्द तिचा स्वतःचा.’ डोंगरातली मुलगी, एकटीनं लिहिलं, एकटीनं गायलं. लोकांना असलं आवडतं म्हणे. दुसरं नाव आलं की त्यांची सगळी गोष्ट बिघडते.

डॉयल : मग घ्या की काढून. मलाही नकोच आहे. गॅरेजमध्ये दिवसभर रेडिओ चालू असतो. बायको सोडून गेली आणि यानं तिला जायचं गाणं लिहून दिलं! तिथल्या पोरांना मरेपर्यंत पुरेल हसायला.

ओपल : म्हणजे तुझ्या जाण्याचं गाणं आहे होय?

मॅरिबेथ : हो आई.

ओपल : म्हण बघू.

मॅरिबेथ : इथं? आत्ता?

ओपल : अख्ख्या देशाला ऐकवणार आहेस, मी काय पाप केलंय? यानं सांगितलेलं तेवढंच म्हण.

(मॅरिबेथ टेबलावर बोटांनी हलका ठेका धरून गाते.)

मॅरिबेथ :
परवाच तेल घातलंस तू दाराला,
निघाले तेव्हा ते करकरलं नाही.
सगळं घर नीट केलंस माझ्यासाठी,
फक्त ‘थांब’ म्हणाला नाहीस.

ओपल : …हं. हे तुझं नाही हे कुणीही सांगेल. तुझं असतं तर चार शिव्या असत्या त्यात.

मॅरिबेथ : तिकडे सगळ्यांना हेच कडवं आवडतं. एकजण म्हणाला, हे फक्त बाईलाच सुचू शकतं.

डॉयल : (हसून) बघ! मग तर माझं नाव नकोच.

ओपल : थांब रे जरा. मॅरिबेथ, तू पहाटे निघालीस ना?

मॅरिबेथ : हो. हा झोपला होता.

ओपल : मग दार करकरलं नाही, हे याला कसं कळलं?

मॅरिबेथ : …डॉयल?

डॉयल : मक्याचा पाव दे गं इकडे.

मॅरिबेथ : डॉयल, जागा होतास तू?

डॉयल : होतो.

मॅरिबेथ : एवढ्या वेळा गायलं मी ते. एवढ्या वेळा! आणि माझ्या डोक्यात नाही आलं. का नाही उठलास?

डॉयल : काय बोलावं ते सुचेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. तुझी गाडी खालच्या पुलावरून गेली तेही ऐकलं. सुचलं तेव्हा तू नॅशव्हिलला होतीस आणि माझ्या हातात तुझी गिटार होती.

ओपल : खाऊन घ्या दोघं.

मॅरिबेथ : आई, फोन घेऊ का तुमचा? माझ्याला इथं रेंज नाही.

डॉयल : कुणाला करतेस? मॅरिबेथ, ए, कुणाला?

मॅरिबेथ : कंपनीला. हॅलो, ग्रेडी? हो, आहे मी त्याच्याकडेच. नाही. तो काढा म्हणतोय, मी नाही म्हणतेय. …मग पोस्टर बदला. …गाणंच काढायचं? काढा, पण मग दुसरं कुठलं रेडिओवर पाठवणार? तुम्हीच म्हणालात ना, बाकीच्यात एवढा दम नाही. …हो. अल्बमच्या शेवटी टाका, चालेल. पण गाणं राहिलं तर नाव राहील. …ठेवते.

डॉयल : बरी आहेस ना तू? पहिलाच अल्बम आहे तुझा. ते चिडले तर तिकडे उभंही नाही करणार तुला कुणी.

मॅरिबेथ : चिडलेतच. रेडिओवर आधी दुसरं गाणं जाणार म्हणे, हे मागे राहील. राहू दे. रोज रात्री स्टेजवर उभं राहून ते मला म्हणायचंय, त्यांना नाही.

डॉयल : आणि गॅरेजमधले हसतील त्याचं?

ओपल : ते आत्ताही हसतात. निदान गाणं ऐकून हसू देत.

मॅरिबेथ : तुला खरंच नको असेल तर सांग. आत्ता सांग. परत फोन करते.

ओपल : तो काय सांगतोय! तू लिही. आणि नीट लिही हं. या घरातली नावं मी आजवर फक्त थडग्यांवर वाचलीत.

मॅरिबेथ : डॉयल?

डॉयल : …आडनाव नीट लिही. कॉर्नेटमध्ये शेवटी दोन टी आहेत. एकच टाकतात लोक.