घेवड्याची साक्ष

(स्वयंपाकघराची खिडकी. कठड्यावर दोन कुंड्या, दोन्हींत घेवड्याची कोवळी रोपं. बाहेर स्ट्रॉबेरीने भरलेले क्रेट. दोघी जावा खिडकीशी.)

धाकटी – हात नका लावू, ताई. जरा ऊन वर येऊ दे. उलगडेल ते पान.

थोरली – उलगडायचं असतं तर एव्हाना उलगडलं असतं. ही कुंडी बघ, नुसत्या आपल्या मातीची. पान कसं तळहातासारखं पसरलंय. आणि ही, तू तबेल्यातून आणलेली लीद घातलेली. रोपानं मूठ आवळून घेतलीय.

धाकटी – मावा पडला असेल.

थोरली – मावा काय पत्ता विचारून एकाच कुंडीत उतरला?

धाकटी – मग पाणी कमी पडलं असेल.

थोरली – दोन्हींना मीच घालते, एकाच भांड्यातलं. टोमॅटोचे शेंडे पिळवटले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती, म्हणून या कुंड्या लावल्या. अगं, ज्या गवतावर तणनाशक मारलं तेच घोड्यांनी खाल्लं. ते त्यांच्या पोटातून जसंच्या तसं आपल्या वाफ्यांत आलं.

धाकटी – तबेलेवाला म्हणाला, हवी तेवढी न्या, फुकट आहे.

थोरली – फुकटचं घोड्यावर बसून येतं, हे मला आज कळलं.

धाकटी – चेष्टा सुचतेय तुम्हाला!

थोरली – चेष्टा नाही गं. सासूबाईंनी या मळ्याला एकच रीत घालून दिली. पाहुणा आधी दारात, मग घरात. बाहेरचं खत आधी कुंडीत, तिथं घेवडा नीट वाढला तरच वाफ्यात. एवढी एक रीत, बाई.

धाकटी – माहीत होती मला. पण गोगलगायींनी अर्धी लावण खाल्ली, उरलेल्याची पानं पिवळी पडायला लागली. रोज सकाळी आणखी एखादं रोप गेलेलं दिसायचं. घेवडा कधी उगवणार, कधी पान काढणार, तोवर झाडं थांबतील का? भुकेली दिसत होती ती, ताई.

थोरली – भुकेल्याला वाढावंच. पण ताटात काय आहे, ते आधी बघावं.

धाकटी – (तोंड फिरवून) बघितलं नाही. झालं समाधान?

थोरली – माझ्या समाधानाचं काय घेऊन बसलीस? आता दुकानवाली माल न्यायला येईल. तिला काय सांगायचं ते बोल.

धाकटी – काहीच नाही सांगायचं. एवढी खेप जाऊ दे. बेरी चाखून बघा, कशी गोड आहे! खाणारा काही घरी जाऊन घेवडा लावून बघत नाही. आणि सांगितलं तर? माल घेणारं ते एकच दुकान आपल्याला. एकदा बोभाटा झाला की आपल्या पालकाच्या जुडीकडेही लोक संशयानं बघतील. घरातल्या दोघांनी बाहेर नोकऱ्या धरल्या, त्या हा मळा उभा राहावा म्हणूनच ना? काय तोंड दाखवू त्यांना?

थोरली – (गुणगुणते)
माती गं माऊली, सारं पोटात ठेविते,
तिला काय भरविलं, पान उगवून सांगते.

धाकटी – आत्ता गाणं, ताई?

थोरली – भीती वाटली की मला गाणं येतं. तुला बडबड येते. ऐक, गाडी वाजली.

दुकानवाली – आहात ना घरात? गाडी चालूच ठेवलीय, बसत नाही. दारातले क्रेट बघितले बाई, डोळ्यांचं पारणं फिटलं! अगं बाई, तोंडं का अशी उतरलीत?

थोरली – हिला विचारा. मी आपली रोपांना पाणी घालते.

धाकटी – ताई...

दुकानवाली – काय झालं? नीट सांगा बघू.

धाकटी – स्ट्रॉबेरीच्या सगळ्या वाफ्यांत मी लीद टाकली. न तपासता. तिच्यात तणनाशक निघालं. हे बघा घेवड्याचं पान.

दुकानवाली – हे एवढंसं? मी म्हटलं, कुणी आजारी पडलं की काय! अहो, पानाकडे कोण बघतंय? गिऱ्हाईक बेरी खातं. चवीला तर चांगली आहे ना? कोणाला कळणार आहे?

धाकटी – हेच मी म्हणत होते. आत्ता, तुम्ही यायच्या आधी.

दुकानवाली – मग! उचलते क्रेट. आमच्या खालच्या मजल्यावरची ती पोटुशी पोर सकाळपासून दोनदा विचारून गेली. तिच्या पोटात दुसरं काही टिकत नाही, तुमच्या बेरीवरच जगतेय. म्हणते, त्या दोघींच्या मळ्यातली आहे, मी डोळे मिटून खाते.

धाकटी – ठेवा ते क्रेट खाली.

दुकानवाली – अहो, पण...

धाकटी – ती डोळे मिटून खाते म्हणूनच. ठेवा खाली.

दुकानवाली – आणि माझ्या रिकाम्या फळीवर काय मांडू? तुमचा खरेपणा?

धाकटी – रासबेरी न्या. तिच्यापर्यंत लीद पुरलीच नाही. पालक आणि बीटही त्या अंगाचेच आहेत. स्ट्रॉबेरी का नाही, असं कुणी विचारलं तर खरं तेच सांगा. नाही जमलं तर फोन मला जोडून द्या, मी सांगेन.

दुकानवाली – मोठ्या बाई, तुम्ही तरी समजवा हिला.

थोरली – एवढा वेळ तेच करत होते. आता ती समजलीय.

दुकानवाली – द्या ती रासबेरी. पुढच्या खेपेचं मी कळवते.

धाकटी – गेली... कळवते म्हणाली, ताई. ‘येते’ असं नाही म्हणाली.

थोरली – ऐकलं मी.

धाकटी – नाहीच आली तर?

थोरली – तर बघू. आधी फावडं आण. वाफ्यांतली लीद उपसून काढू. मग खालची माती कुंड्यांत भरू.

धाकटी – आणि त्या मातीतही रोपानं मूठ आवळली तर?

थोरली – तर आणखी थांबू, आणि परत लावू. ओंजळ कर.

धाकटी – काय आहे?

थोरली – घेवडा. या खेपेला बी तू पेर.