दुसरी बाटली

— नाही, एकच नाही देता येणार. चिठ्ठीवर दोन लिहिल्यात, दोन न्या. अपेंडिक्स फुटलं होतं ना मुलाचं? आज घरी सोडलंय, पोरगं उड्या मारतंय — कळलं हो. औषध कडू लागतं, थुंकतो — तेही कळलं. पण फुटल्यावर घाण पोटभर पसरते, ऑपरेशननं सगळी निघत नाही, उरलेली या औषधानं मरते. उड्या मारल्या म्हणजे बरा झाला असं नसतं. मला काय माहीत? अहो, बावीस वर्षं दुकान चालवतोय —

बरं, दुकानाचं सोडा. माझी मुलगी. आठ वर्षांची होती, तिचंही फुटलं होतं. अशाच कोरड्या भुकटीच्या दोन बाटल्या घेऊन घरी आलो. पहिली संपली, पोरगी दोरीवरच्या उड्या मारायला लागली. बायको म्हणाली, आता दुसरी पाण्यात कालवा. मी म्हटलं, औषधवाल्याला शिकवतेस? आणि ती बाटली तशीच आणून परत फळीवर ठेवली — ती तिथे, तिसऱ्या खणात. दोन दिवसांत विकली गेली. सीलबंद होती, त्यात गैर काही नाही. म्हणजे — आहे थोडं.

मग ताप. पोटात पू. पुन्हा ऑपरेशन, पोटाला नळी. डॉक्टरांनी विचारलं, औषध किती दिवस दिलंत? मी म्हटलं, पूर्ण. — हो, पूर्ण म्हटलं! औषधवाल्यानं दुसरं काय सांगायचं? त्यांना वाटलं, औषधच लागू पडलं नाही. मग जालीम इंजेक्शनं, अकरा दिवस. शेवटी शेवटी हाताला शीर सापडेना, पोरगी सुई बघून मलाच हाक मारायची. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बायको शेजारीच उभी होती. तिनं मला खोटं पाडलं नाही. माझी लाज राखली. अजून राखतेय.

आता ठणठणीत आहे मुलगी, माझ्या खांद्याला लागते. — तर उकळून गार केलेलं पाणी, या खुणेपर्यंत, नीट हलवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसरी आजच कालवू नका, पहिली संपली की मग.

तिकडे काय बघताय? हो, समोरचंही औषधांचंच दुकान. ती निळी पिशवीवाली? ती माझी बायको. मुलीला खोकला झालाय, औषध न्यायला आलीये. नाही, इकडे नाही येत. चार वर्षं झाली.

— चला, सरका जरा, मागच्यांना येऊ द्या.