माझा नंबर आता दुसऱ्याकडे आहे

मी, गल्लीत पडदेवाली म्हणून ओळखतात ती, वय अठ्ठावन्न, धंदा पडदे व खोळी शिवणे, राहणार बेकरीच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मशीनवर बसले की माझा रेडिओ चालू असतो. त्यावर एक तज्ज्ञ बाई सांगत, ऑनलाइन कुठेही खरी जन्मतारीख देऊ नका. लोक तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात, मी आधीच फुंकायला लागले. फोन कंपनीच्या अ‍ॅपमध्ये मनाला येईल ती तारीख टाकली. कुठली, ते आता आठवत नाही.

पुढे फोन बादलीत पडला. नवं सिमकार्ड मिळावं म्हणून शेजारच्या फोनवरून कस्टमर केअरला लावला. आधी मशीन बोललं, मग गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. तिने जन्मतारीख विचारली. मी खरी सांगितली. ती म्हणाली, जुळत नाही. रोज नवी मुलगी, रोज तोच पाढा. दुकानात गेले तर म्हणाले, कस्टमर केअरलाच विचारा. अशात काही महिने गेले, नंबर बंद झाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेला.

नंबराचं मला कौतुक नाही. माझी मुलगी भांडून घर सोडून गेली, तिने स्वतःचा नंबरही बदलला. मागाहून मी खोली बदलली. माझा तो नंबर तेवढा तिला तोंडपाठ आहे. राग उतरला की फोन करील, म्हणून मी तो जपला होता.

काल बेकरीवाल्याच्या फोनवरून मी माझाच नंबर लावला. एका गृहस्थांनी उचलला. म्हणाले, एका मुलीचा फोन आला होता, आई आहे का विचारत होती. त्यांनी राँग नंबर सांगून ठेवून दिला. मी तिचा नंबर मागितला.

ते म्हणाले, "असा कुणाचा नंबर देता येत नाही. तुम्ही तिच्या आईच कशावरून?"

मला त्यांचा राग आला नाही. मीही दिला नसता. पण नंतर हातातला पडदा उलटा शिवला गेला.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. साहेबांनी त्या गृहस्थांना फोन करावा. मुलीचा नंबर मला नको, तो द्यायचा की नाही ही तिची मर्जी. माझा पत्ता तेवढा तिला कळवावा.

हे सगळं हवालदारांनी मला वाचून दाखवलं, मी बोलले तसंच आहे. फक्त एके ठिकाणी त्यांनी 'मुलगी हरवली' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. ती हरवलेली नाही. तिला मी सापडत नाहीये.